मामा वाट चुकला ती गोष्ट

माझ्या नातीला मी परवा माझ्या लहानपणची एक पुस्तकमाला दिली. जादूच्या गोष्टींचे पाच भाग, कागद पिवळा पडलेला, एका भागाला तर पुठ्ठाही नाही. तिनं वरवर चाळली आणि विचारलं, "आजी, यात एवढं भारी काय आहे?" मला रागच आला. मग वाटलं, बरोबर आहे तिचं. नुसतं हातात कोंबलेलं पुस्तक कोण वाचतं? म्हणून तिला जे सांगितलं, तेच तुम्हा मुलांनाही सांगते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती. मी भोरला आत्याकडे राहून शाळेत जायचे आणि वडील वेल्ह्याच्या कचेरीत कारकून होते. दिवाळीच्या सुट्टीला निघताना वाचनालयातून या मालेचा पहिला भाग घेतला. नसरापूरला एस.टी. बदलली तेवढीच काय ती मान वर केली असेल. कुंभाराची एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत विहिरीच्या तळाशी असलेल्या राज्यात उतरते, अशी ती कथा. तिथला राजा ओरडत नाही, कुणाला खात नाही. मुलगी पुढे गेली की तिच्या मागचं दार हळूच लावून घेतो, बस्स! एवढ्याशा गोष्टीनं अंगावर काटा आणणाऱ्या त्या लेखकाला माझा तेव्हाही दंडवत होता, आजही आहे.

असं काही वाचलं की ते माझ्या पोटात राहत नाही. वेल्ह्यात मला मैत्रीण एकच, वरच्या वाडीतली धनगरांची मुलगी. आई गेल्यापासून तिला मामानंच वाढवलं होतं. शेळ्या घेऊन ती रोज ओढ्यावर यायची. मी गोष्ट सुरू केली तर तिनं कानांवर हातच ठेवले.

"न्हाई बाई! दिसा गोष्ट ऐकली की मामा वाट चुकतो."

हे मी भोरलाही ऐकलं होतं. पण माझे मामा पुण्यात सायकलवरून फिरायचे, चुकले तर कुणालाही विचारतील. तिचा मामा डोंगरात ढोरांमागे हिंडायचा. तरी मी पडले कारकुनाची मुलगी, पळवाट लगेच सापडली. म्हटलं, "मी सांगत नाही, वाचते. वाचलेलं चालतं." तिनं जरा विचार करून मान डोलावली. तिलाही ऐकायचंच होतं की!

मग रोज वाचन सुरू झालं. कुंभाराची मुलगी आपलं तहानलेलं गाढव काठावर सोडून विहिरीत उतरली, तेव्हा माझी मैत्रीण खवळली. "आदी त्येला पानी पाज म्हनावं!" गंमत म्हणजे लेखकही त्या गाढवाला विसरलेला नाही. पाचव्या भागापर्यंत पोचलात तर कळेल.

पहिला भाग संपला त्या दिवशी गोष्टीतलं शेवटचं दार लागलं होतं आणि मुलगी आतच राहिली होती. त्याच दिवशी मामा चुकलेली कालवड शोधायला डोंगरापलीकडच्या पाली गावाच्या बाजूला गेला होता. दिवेलागण झाली तरी परतला नाही. डोंगरावर धुकं उतरलं, गवत पुरुषभर वाढलेलं. वाडीतले गडी पलिते घेऊन शोधायला निघाले आणि ती धावत आमच्या दाराशी आली. रडत नव्हती, पण तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"त्ये पुस्तक काढ. उलटं वाच. शेवटापास्नं पयल्यापतूर."

"ते कशाला?"

"ती पोर भाईर यील. मंग मामाबी यील."

पायरीवर बसून मी शेवटच्या पानापासून मागे मागे वाचत गेले. वडील बाहेर आले, कंदील आमच्याजवळ ठेवून गेले. लागलेली दारं एकेक करून उघडत गेली, मुलगी पायऱ्या चढत वर आली, गाढवापाशी पोचली. मला फार भीती वाटत होती.

सकाळी ओढ्यावर गेले तर समोर मामा! घोंगडी ओलीचिंब, हातात कालवडीचं दावं. गवतात पायवाट बुजली, वर धुकं, म्हणून एका कपारीत बसून राहिला होता. भाचीनं त्याला सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं, आता पुस्तक ओढ्यात जातंय. त्यानं ते हातात घेतलं, आतलं चित्र निरखलं.

"ह्याच्यापायी चुकलो व्हय म्या?"

भाचीनं मान डोलावली.

"मंग लई जबर गोष्ट असनार." त्यानं कालवड झाडाला बांधली आणि आमच्या मधोमध बसकण मारली.

"मामा, नगं," भाची कळवळून म्हणाली. "दिस हाय अजून."

"आता म्या हितंच बसलोय न्हवं? हितनं कुटं चुकतोय? वाच, पोरी. पयल्यापास्नं वाच."

एवढं सांगेपर्यंत नातीनं पहिला भाग उघडला होता. एकदम थांबली, पानात बोट तसंच ठेवलं आणि आतल्या खोलीत काम करत बसलेल्या माझ्या मुलाला हाक मारली.

"मामा, इकडे ये. आणि मी वाचतेय तोवर कुठंही जायचं नाही."