चंचलला एक, मला दोन?

आमच्या सासूबाईंना देवानं सगळं दिलं, फक्त एक जाऊ द्यायला नको होती. चंचलकाकूंकडे नवा मिक्सर आला की आमच्या मिक्सरमधून कसलातरी आवाज यायला लागतो. काकूंच्या नातवाला शाळेत बक्षीस मिळालं की माझ्या पोरीची वही तपासायला घेतात. एरवी पोरगी कितवीला आहे तेही ह्यांना धड सांगता येत नाही! मी सुरतेत पांडेसऱ्यात सून म्हणून आले त्याच आठवड्यात मला कळलं होतं की या घरात सासूची नजर माझ्यावर नसणार, ती कायम दोन गल्ल्या सोडून पलीकडे असणार.

सासूबाईंचं नाव चंद्रभागा. धुळ्याकडच्या. सासरे सुकदेव आणि त्यांचा धाकटा भाऊ बळीराम, दोघं एकाच डाइंग मिलमध्ये लागले, म्हणून दोन्ही जावा सुरतेत आल्या. मिलमधल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना सासूबाई डबे करून द्यायच्या. घरात नळ नव्हता तेव्हा डोक्यावर दोन हंडे घेऊन यायच्या आणि वर रस्त्यात उभं राहून गप्पाही मारायच्या, असं सासरे अजून कौतुकानं सांगतात. उंच बाई, खांदे रुंद, आवाज पार मेन रोडवर जाणारा. काकू बुटक्या, गोऱ्या, हळू बोलणाऱ्या. लोक काकूंना 'गोड आहे हो' म्हणायचे आणि इकडे ह्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"गोड असायला काय लागस? मुकाट बसनं की झालं," असं त्यांचं मत.

एका गोष्टीत मात्र काकूंना हात लावता आला नाही, ती म्हणजे कानबाई. आम्हा खानदेशातल्या लोकांकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ, डोरलं घालून देवी सजवायची, चौरंगावर मांडायची, आणि सोमवारी सकाळी बायांनी डोक्यावरून विसर्जनाला न्यायची. आमच्या भावकीची कानबाई आमच्या घरी बसते आणि मोठी सून तिला उचलते. म्हणजे चंद्रभागाबाई. गल्लीतून टेम्पो उभा असतो त्या चौकापर्यंत सगळ्यांच्या पुढे त्या, मागे वाजंत्री, फुगड्या, आणि त्यांच्या मागे कुठंतरी चंचलकाकू. वर्षभराचं समाधान ह्यांना त्या एका सकाळी मिळायचं.

मग त्यांचं मनगट मोडलं. पडल्या म्हणावं असंही नाही, बाथरूमच्या दारात पाय सरकला आणि हात टेकला, बस्स. डॉक्टरांनी हाडं तपासायला लावली. हाडं आतून पोकळ झालीत म्हणाले, आणि दर सहा महिन्यांनी दंडावर एक इंजेक्शन सांगितलं. उधन्याच्या दवाखान्यात मीच न्यायचे. साड्यांना स्टोन लावायचं माझं काम त्या दिवशी बंद. पण आईंचा तोरा बघायला हवा होता! "माझं औषध फ्रीजमधी ठेवतात," हे त्यांनी काकूंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या गुजराती भाभीला तिच्या भाषेत सांगितलं. दुखणंही जावेपेक्षा भारी असलं की बरं वाटतं माणसाला.

दोनेक वर्षं छान चाललं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू आल्या आणि तिळगूळ हातात देता देता म्हणाल्या, "अक्का, माझीपण हाडं ठिसूळ निघाली. मलापण सुरू केलंय."

आईंनी तिळगूळ तोंडात टाकला. "इंजेक्शन का?"

"सलाइनमधून देतात. वर्षातून एकदाच."

झालं! बाया गेल्यावर वाण आवरायचं सोडून आई भिंतीला टेकून बसल्या. "तिले वरीसमा एक, माले दोन? कसाले?"

मी म्हटलं, "आई, औषधं वेगळी असतील."

"वेगळी कसाले? हाडं वेगळी शेत का? दोन म्हणजे माझं दुप्पट बिघडलंय असंच सगळ्यांना वाटेल. ती काय म्हणंल ठाऊक आहे? अक्काला आता होत नाही, कानबाई मी उचलते."

काकू असं काहीही म्हणाल्या नव्हत्या. पण आईंच्या डोक्यात काकू जे बोलतात ते काकूंना स्वतःलाही माहीत नसतं.

फेब्रुवारीत तारीख आली तर आई म्हणाल्या, "आता नाही. श्रावणात घेईन, कानबाई झाल्यावर. म्हणजे वर्षाला एक होईल." मी भांडले. हितेशला, म्हणजे नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणे, "आईशी कोण डोकं लावणार?" मी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस पुढेमागे चालतं, महिने नाही, लगेच घेऊन या. मी निरोप दिला. आईंनी देवघरात जाऊन जपाची माळ हातात घेतली, म्हणजे बोलणं बंद! पुढे दवाखान्यातून एका पोरीचा फोन आला तर ह्यांनी स्वतःच उचलला आणि गोड आवाजात सांगितलं, "बा तो गाम गयां छे," म्हणजे म्हातारी गावाला गेलीय! मी समोर उभी. हसू की रडू तेच कळेना. ओढून तर नेता येत नाही ना सासूला!

आणि खरं सांगायचं तर वर काही झालंही नाही. उन्हाळा निघून गेला. आई जिने चढत होत्या, पापड लाटत होत्या. "बघ, काय व्हयनं माले?" म्हणून मला ऐकवायच्या. मीसुद्धा जरा सैल पडले. काकूंकडे मात्र जाता-येता नजर. काकू जरा वाकून चालल्या की ह्यांना रात्रीचं जेवण गोड लागायचं.

जुलैत कानबाईचे गहू निवडायला काढले. गव्हाचा डबा, तोही अर्धा भरलेला, आईंनी पलंगाखालून ओढला आणि उचलला. उचलला आणि तशाच खाली बसल्या. कपाळावर घाम. मी धावले तर म्हणाल्या, "वात आहे. कुणाला सांगू नको." कुणाला म्हणजे कुणाला ते मला विचारायची गरज नव्हती.

त्यानंतर त्या भिंत धरून चालायला लागल्या. दारात कुणी आलं की भिंत सोडायच्या. मला चोरून गोळ्या खायच्या. एक दिवस खोकल्या आणि ओरडल्या, आणि ओरडल्यावर पहिलं काय केलं असेल? खिडकी लावायला सांगितली! मला खटकलं ते वेगळंच. त्यांची साडी जमिनीवर लोळायला लागली होती. रोजचीच साडी, रोजचंच नेसणं, आणि काठ फरशी पुसत चाललेला. साडी कशी लांब होईल? बाईच कमी होत होती. मी त्यांचं एक ऐकलं नाही, हितेशला कामावरून बोलावलं आणि रिक्षात घातलं. स्पीडब्रेकर आला की त्या माझा हात असा दाबायच्या की बांगडी रुतायची.

मणक्याची तीन हाडं दबली होती.

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. हिंदी-गुजरातीत सावकाश समजावलं. म्हणाले, बा, हे इंजेक्शन हाडांची झीज थांबवून धरतं, पण सहा महिनेच. त्याचा जोर ओसरला आणि पुढचं घेतलं नाही, तर अडवून धरलेली झीज उलट पहिल्यापेक्षा जोरात सुरू होते, आणि मग पडायलाही लागत नाही, साधं वाकलं तरी मणके दबतात. हे मनानं बंद करायचं नसतं. बंद करायचंच असलं तर मागोमाग दुसरं औषध देऊन, विचारून.

आई आडव्या पडून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग चंचलचं का नाही झालं?"

"कोण चंचल?" डॉक्टरांना वाटलं त्यांचीच कुणी पेशंट.

मी सांगितलं. वर्षातून एकदा सलाइन. डॉक्टर म्हणाले, ते औषधच निराळं, ते हाडात मुरून बसतं, म्हणून वर्षातून एकदा पुरतं. एकदा-दोनदावरून कुणाचं दुखणं मोठं ते ठरत नाही. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, कमरेला पट्टा आला. वजन उचलायचं नाही, डोक्यावर तर नाहीच. आणि दबलेले मणके वर येत नाहीत, पाठीला आलेला बाक तसाच राहतो, हेही त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर आई पहिल्यांदा रडल्या. दुखतंय म्हणून नाही. "आता ती उचलील," म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत माझ्या दारातून ती निघंल." मी पाठीला शेक देत होते. मला इतका राग आला! हगणं-मुतणं मी बघायचं, पाठ मी शेकायची, आणि मनात चोवीस तास चंचल! खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी काकूंचाच हेवा वाटला.

दोन दिवसांनी आईंनी फर्मान काढलं, "कानबाई राखी उचलील." राखी म्हणजे मी. सासरे म्हणाले, वा! हितेश म्हणाला, बघ, आईनं तुला मान दिला. कसला मान! काकूंना मिळू नये म्हणून मला दिलेला.

सोमवारी सकाळी घर बायांनी भरलं. आईंना पट्टा बांधून, उशा लावून दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. वर मोठी शाल, पट्टा दिसू नये म्हणून. काकू हिरवी साडी नेसून आल्या आणि सरळ आईंजवळ येऊन उभ्या राहिल्या. आईंनी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. "राखी उचलणार आहे. ठरलं आहे."

"उचलू दे की," काकू म्हणाल्या. "मला कुठं जमणार? डॉक्टरनं डोक्यावर काही घ्यायचं नाही म्हणून मागंच सांगितलंय."

मी चौरंगाला हात लावणार होते, तशीच थांबले. ज्या भांडणासाठी ह्या बाईनं पाठ मोडून घेतली, त्या भांडणात समोर कुणी उभंच नव्हतं.

"अक्का, मला तर तुझाच हेवा वाटायचा," काकू त्यांच्या त्या हळू आवाजात बोलत होत्या. "तुला सून सहा-सहा महिन्यांनी नेते, हात धरून रिक्षात बसवते. मला वर्षातून एकदा नेतात, तेही मी चारदा आठवण करून दिल्यावर. मी डॉक्टरला म्हटलंसुद्धा, माझ्या जावेला देता ते द्या ना मला, दोनवालं. तर म्हणे, गरज नाही."

बाहेर ढोल वाजायला लागला होता. आईंच्या चेहऱ्यावर काय उजेड पडला म्हणून सांगू! इतक्या वर्षांत मी तो बघितला नव्हता. "काय म्हणालीस?" त्या म्हणाल्या. "परत बोल. जोरात बोल, बायांना ऐकू जाऊ दे."

आणि जावेचं तोंड बघायला त्यांनी मान वर केली. मान अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी खुर्चीचे हात धरून जोर लावला, पुन्हा केली, तरी नजर काकूंच्या पदराच्या वर जाईना. काकूंना ते दिसलं. त्या गुडघ्यावर हात ठेवत सावकाश खाली फरशीवर बसल्या, आईंना तोंड दिसेल अशा, आणि तेच सगळं पुन्हा एकदा जोरात बोलल्या.