माईंच्या सीटपुरतं इंजिन

ये, अशी जवळ बस. खराडीहून कर्वेनगरला यायला तुला व्हिसा लागतो की काय, कोण जाणे. आलीस ती आलीस आणि वर मलाच विचारतेस, पार्किंगमधलं ते जुनं धूड भंगारात का देत नाहीत? आता ऐकच.

ते धूड आमच्या खालच्या मजल्यावरच्या नानांचं. नाना सल्ला मागण्यात पटाईत. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "आपलं अगदी बरोबर आहे. म्हणूनच मी तसं करणार नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. सुताराकडून आत पलंग, ओटा, पाण्याच्या टाकीला फळी, सगळं करून घेतलं. हे सगळं त्यांच्या बायकोसाठी, माईंसाठी. माईंना कन्याकुमारीचा समुद्र बघायचा होता आणि माईंना गाडी लागायची. अशी लागायची की बाई जन्मात खेड शिवापूरच्या पुढे गेली नव्हती. नाना म्हणायचे, घरच घेऊन निघू, वाटेल तिथे थांबू. निघाले मात्र, आणि धायरीपाशीच इंजिनाने राम म्हटला. ट्रॅक्टरला बांधून घर घरी आलं.

मग नवं इंजिन निवडणं सुरू झालं. नवं म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी जुनं. लोक मुलीसाठी स्थळं बघतात ना, तितक्या चिकित्सेने नाना इंजिनं बघत. एक धूर फार सोडतं, एकाचे सुटे भाग मिळत नाहीत, एक विहिरीवरच्या पंपाचं होतं, त्याला म्हणे एका जागी उभं राहायचीच सवय. शेवटी धायरीच्या मिस्त्रीने एका ट्रकचं दणकट इंजिन काढून ठेवलं. "नाना, ह्येच बसवा. घाट पळत चढंल." सोसायटीत सगळ्यांनी, आमच्या ह्यांच्यासकट, तेच घ्या म्हणून सांगितलं.

नानांनी काय करावं? त्या इंजिनाच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं केलं. त्या व्हॅनचं इंजिन पुढे, दोन सीटांच्या मधोमध असायचं. तिथे खोकं ठेवून माईंना हाक मारली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. माई कणकेच्या हातांनीच खाली आल्या.

"अगं, जरा बसून बघ."

माई बसल्या, पण खोक्यामुळे गुडघे दाराकडे वळवून, तिरक्या. "होईल हो," त्या म्हणाल्या. "नाहीतर मागे पलंगावर पडून राहीन."

मागे बसलं की माईंचं काय होतं, ते नानांना ठाऊक होतं. त्यांनी खोकं उचललं आणि कचऱ्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगून आले, लहान इंजिन बसवा. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. घाटात बैलगाडी फुडं जाईल, म्हणाला. "जाऊ द्या," नाना म्हणाले, "बैलांना घाई असेल." सोसायटीला मात्र कारण दिलं ते वेगळंच, मोठ्याचा आवाज म्हणे बेसूर आहे. लोक पुढे कितीतरी दिवस हसत होते.

पण गेले हो कन्याकुमारीला. खंबाटकीच्या घाटात मागे ट्रकांची रांग लागली आणि नाना हात बाहेर काढून एकेकाला पुढे जा म्हणत होते, पंगतीतल्या यजमानासारखे. माई शेजारी, पाय सरळ, हातात लिंबू. ते लिंबू हुंगायची वेळच आली नाही, वाळून खडा होऊन घरी परत आलं.

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. भंगारवाला येतो. माई त्याचं शेवटपर्यंत ऐकतात, मान डोलवतात आणि म्हणतात, "आपलं अगदी बरोबर आहे." पुढचं वाक्य बोलत नाहीत. संध्याकाळी खाली जाऊन त्या सीटवर बसतात, पाय सरळ लांबवून.

माझ्या गुडघ्यांना आता गाडीची ती पायरी चढवत नाही. म्हणून म्हणते, पुन्हा लवकर ये, आणि नानांच्या जागी बस घटकाभर माईंजवळ. गाडी हलत नाही, तेव्हा लागायची भीती नाही.