ब्रोमीनच्या पाण्याचा रंग

लोककथा गोळा करायला मी भोकरदनपासून परतूरपर्यंत हिंडलो. माझ्या मराठी विभागाच्या भिंतीपलीकडे मात्र कथा न मागता साचत गेल्या. पलीकडे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. मधले दार कधीच नीट लागले नाही.

•

काळे सर कार्बनची साखळी मोसंबी आणि तुराट्यांनी शिकवत. दोन मोसंब्यांत एक काडी, तो एकेरी बंध. दोन काड्या, तो दुहेरी. दुसऱ्या दिवशी एकेरीवाली सगळी मोसंबी गायब! प्रयोगशाळा सांभाळणारे रशीदचाचा शांतपणे म्हणाले, "डबल काडीवाल्याला हात न्हाई लावला, सर. ते परीक्षेला हाय!"

•

सरांनी स्टाफरूमचेही वर्गीकरण करून टाकले होते. एकेरी बंधवाले संपृक्त, म्हणजे आणखी कुणाला सामावून घेत नाहीत. दुहेरीवाल्यांत जागा असते. लालसर ब्रोमीनचे पाणी टाका, ते ब्रोमीन पोटात घेतात आणि रंग जातो.

"आणि आपले प्राचार्य?" मी विचारले.

"ते तिहेरी! वेल्डिंगच्या गॅसच्या घराण्यातले. लांबूनच बोला."

•

सरांची विद्यार्थिनी सविता ब्रोमीनच्या याच प्रयोगात दोनदा नापास झालेली. परीक्षकाने "दुहेरी बंध आहे का?" विचारले, की ती घाबरून म्हणे, "माहीत न्हाई." यंदा गेली तर शिक्षण बंद, असे वडिलांनी बजावले होते.

काळे सर कळवळून म्हणत, "अगं बाई, हो म्हण नाहीतर न्हाई म्हण. निम्मा चान्स तरी हाय!"

"पण सर, खरंच माहीत नसलं तर?"

चाचा तिच्यासाठी चहा आणत. "पी बेटी. इतकी भिऊन राह्यलीस, ती बाटली काय चावती का?"

•

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी दाराच्या फटीशीच उभा होतो. सविता शेवटची. थेंब टाकण्याआधी ती बराच वेळ ब्रोमीनच्या बाटलीकडेच पाहत राहिली.

परीक्षानळीतल्या द्रवात थेंब पडला. परीक्षकांनी विचारले, "दुहेरी बंध आहे?"

"माहीत न्हाई, सर."

काळे सरांनी कपाळाला हात लावला.

"का माहीत नाही?"

"बाटलीतल्या पाण्यालाच रंग न्हाई. मंग तो गेला का न्हाई, कसं सांगू?"

परीक्षकांनी बाटली उचलून खिडकीपाशी धरली. बूच सैल होते, ब्रोमीन कधीच उडून गेले होते. पाणी नळाच्या पाण्यासारखे नितळ.

त्यांनी सविताच्या नावापुढे पूर्ण गुण लिहिले, आणि आधी तपासून बाजूला ठेवलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा जवळ ओढल्या.

प्रत्येकीत लिहिले होते: रंग गेला, दुहेरी बंध आहे!