पाटीवरचं ‘पुसून टाक’

शेजारच्या वहिनीच्या नवऱ्याला सगळी गल्ली ‘रेडिओ’ म्हणायची. तो बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा हातातच गार व्हायचा. नोकरी सांभाळून वीस वर्षं त्याने अंधशाळेतल्या मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

आता तो पाटीवर लिहून बोलतो आणि पुस्तकं वहिनी वाचते. तो शेजारी बसतो. चुकलं की टेबलावर बोटाने टक्‌. म्हणजे मागे जा, पुन्हा वाच. सुरुवातीला पानाला दहा वेळा टक्‌ व्हायचं. “आवाज गेला, पण कटकट कुठे गेली? तिची टकटक झाली,” असं वहिनी म्हणायची.

त्या दिवशी इतिहासाचा शेवटचा धडा संध्याकाळपर्यंत शाळेला पाठवायचा होता. मुलांची परीक्षा चार दिवसांवर आलेली. तीन पानं वाचून झाली आणि संगणकाने हात वर केले. डिस्क भरली, जागा नाही! वाचलेलंही पाण्यात.

वहिनीला कपाटं उपसता येतात, पण हा पसारा कसा उपसायचा? शोधता शोधता तिला एकच मोठं गाठोडं सापडलं, नवऱ्याचा आवाज. अभ्यासक्रम बदलला तेव्हा शाळेने त्याची जुनी वाचनं काढून टाकली होती, आणि त्याआधी सगळी इंटरनेटवरून परत पाठवली होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आली तशी ती ‘डाउनलोड’मध्ये पडून होती. ऐकायचा धीर दोघांनाही झाला नव्हता.

नवऱ्याने पाटी ओढली. “पुसून टाक.”

“काहीतरीच काय!”

त्याने खाली लिहिलं, “जुनी पुस्तकं. कोण ऐकणार? मुलांचा धडा आधी.”

वहिनी स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकली आणि डोळे मिटले. देवा, घेतलंस ते घेतलंस, उरलंय तेवढं तरी राहू दे. मग तिने नणंदेला फोन लावला. नणंद एका दवाखान्यात संगणकावर काम करते. तिला त्यातलं बरंच कळतं, आणि जे कळत नाही तेही ती ठामपणे करते.

अर्ध्या तासात नणंद खुर्चीवर. “वहिनी, मध्ये यात नवी सिस्टिम आली होती का गं?”

“मागच्या आठवड्यात. दोन तास नुसतं चाक फिरत होतं. मग सगळंच वेगळं दिसायला लागलं.”

“मग झालं तर! नवी आली, पण जुनी इथेच ठाण मांडून बसलीय. हे बघ, अठ्ठावीस जीबी!”

“म्हणजे सून आली तरी सासू किल्ल्या सोडेना?”

“माझ्या आईला मध्ये आणू नकोस हं!”

वहिनीला हसू आलं. “पण काढली तर काही बिघडेल का?”

“परत जुन्यावर जाता येणार नाही, एवढंच. जायचंय तुला?”

“मुळीच नाही.”

पडद्यावर यादी उघडली, प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन. जुनी सिस्टिम, तात्पुरत्या फायली, कचरापेटी... नणंद झपाट्याने खुणा करत सुटली. “एकदाच काय ते झाडून काढू.”

टक्‌.

नणंदेचं लक्ष नव्हतं.

टक्‌, टक्‌, टक्‌! मग टेबलावर अख्खा तळहात आदळला आणि पाण्याचा पेला उडाला. भावाने तिचं मनगट धरलं होतं. त्याचं दुसरं बोट यादीतल्या एका ओळीवर टेकलं होतं. ‘डाउनलोड’. त्याच्यापुढेही खूण होती.

“अगं बाई!” नणंदेने माऊस सोडला. “दादा, मी तर सगळंच उडवलं असतं रे!”

“आणि पुसून टाक म्हणून कुणी लिहिलं होतं?” वहिनीने विचारलं. तिचा आवाज कापत होता आणि हसूही आवरत नव्हतं.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कान तेवढे लाल झाले. त्याने बाहीने पाटी स्वच्छ पुसली.

खूण काढली, यादी पुन्हा तिघांनी मोठ्याने वाचली (म्हणजे दोघींनी), आणि मगच नणंदेने बटण दाबलं. चहा होईपर्यंत जुनी सिस्टिम गेली. इतकी जागा मोकळी झाली की वहिनीला स्वतःच्याच छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. जायच्या आधी नणंदेने दादाचा आवाज पेनड्राइव्हवर घेतला आणि पेनड्राइव्ह वहिनीच्या हातात ठेवला.

वहिनी वाचायला बसली तेव्हा पाटीवर नवी ओळ होती. “धडा झाला की माझं पहिलं पुस्तक लाव.”

ती ओळ वाचून धड्याच्या पहिल्याच वाक्यात तिचा शब्द चुकला.

टक्‌.

“हो रे बाबा,” म्हणत ती आनंदाने मागे गेली.