पांढऱ्या स्क्रीनवरचं ठिगळ

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे झालं ते तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून या वहीत लिहिते.

अमरावतीला देवळाच्या रस्त्यावर माझं हारफुलांचं दुकान आहे. आई अकोल्याला धाकट्या भावाकडे, प्रकाशकडे होती. मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवरच. तिला करमावं म्हणून प्रकाशने आपला भारी फोन तिच्यापुढे उभा करून दिला. मी माझा फोन दुकानात आत, पाण्याच्या कॅनला टेकवून ठेवायची. दिवसभर व्हिडिओ कॉल. "शेवंती दाट घाल वं, पैसे घेतं ना त्यायचे!" असं ती गिऱ्हाइकांसमोर ओरडायची. लोक हसायचे आणि मी लाजेने खाली बघायची.

चार महिन्यांनी प्रकाश म्हणाला, "ताई, दुपारी कॉल बंद करत जाय. ओएलईडी स्क्रीन हाय. एकच चित्र दिवसभर राह्यलं तं कायमचा डाग पडते."

खरं सांगू? मला बरंच वाटलं. एक वाजता कॉल तोडून फोन कमरेच्या पिशवीत टाकायचा, मग दुकानाच्या तोंडाशी दोरीवर जुनं लुगडं टांगायचं आणि आडवं व्हायचं. चारला लुगडं काढायचं, मगच कॉल लावायचा. सकाळी तिथे सावली असते, लुगडं लागत नाही.

आई म्हणायची, "बंद पडलेल्या काया फोनकडं पाहून जीव घाबरते. पडला डाग तं पडू दे ना!"

"प्रकाशचा महागाचा फोन हाय, माय," मी म्हणायची.

एकदा चारला कॉल लावला तर म्हणाली, "झाली का वं झोप, राणीसायेब?"

"झोप कुठची? गर्दी होती."

तिने शेवंतीचा भाव विचारला.

अशाच एका दुपारी आई गेली. भावजयीचा फोन आला तेव्हा मी लुगड्याआड झोपले होते.

तेरवीनंतर प्रकाश तो फोन विकायला निघाला, मीही सोबत गेले. दुकानदाराने स्क्रीन पूर्ण पांढरी करून पाहिली. "डाग हाय, बाई. जास्त किंमत येनार नाई."

मी वाकून पाहिलं. फिकट होतं, पण होतं... आडवी दोरी, खाली लोंबणारं लुगडं आणि डाव्या कोपऱ्यात माझ्याच हातचं तिकोनी ठिगळ.

"एखाद्या वेळी दिसलं तरी पडते का असा डाग?" मी विचारलं.

"नाई. रोज तासन्‌तास तेच लागते."

प्रकाश म्हणाला, "कॉल तोडायले विसरली असशीन." तिथेच माझ्या फोनमधली कॉलची नोंद काढून पाहिली. रोज एकला बंद, चारला सुरू. एकही दुपार सुटलेली नव्हती. मग ते लुगडं आईच्या समोर आलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. तिने ते पाहिलं असेल, तर माझं खोटंही तिला ठाऊक होतं. मी स्क्रीन जपली, आईची दुपार नाही.

दुकानदार चार हजार देत होता. मी प्रकाशला म्हटलं, "तेवढेच म्या देईन. फोन मले दे."

"येडी झाली का? डागाचा फोन काय करतं?"

मी फोन कमरेच्या पिशवीत टाकला. महिन्याला पाचशे देत गेले. या रविवारी शेवटचे पाचशे घेऊन अकोल्याला गेले. तो घेईना, मी त्याच्या खिशात कोंबले. चार हजार पूर्ण फिटले.