डाव्या हाताचा माऊस

लेथ मशीनवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि टर्नरची नोकरी सुटली. निदान धाकट्या बहिणीबरोबरचा संध्याकाळचा कॉम्प्युटरवरचा गेम तरी सुटू नये, म्हणून दोघं दुकानात गेली. गेमिंगचे सगळे माऊस उजव्या हाताच्या वळणाचे होते.

"डावखुऱ्यांना इथे कोणी वाली नाही," दुकानदार हसला. शेवटी दोन्ही हातांना चालेल असा एक हलका माऊस सापडला.

"पॅड मोठंच घे दादा, सुरुवातीला हात भरकटेल," बहीण म्हणाली.

महिनाभर तो हरतच राहिला. मग एकदा लागोपाठ तीन डाव जिंकला. आनंदाने वळून पाहिलं, तर बहिणीचा हात माऊस सोडून मांडीवर होता.

"मुद्दाम हरतेस?"

तिने घाईने माऊस धरला. त्यानंतर तो खेळायला बसलाच नाही. ती हाका मारून दमली.