गोळी आणि काढा पोटात भांडतात का?

दवाखान्यात सॅम्पलच्या बाटल्या साठतात, तसे किस्सेही साठतात. बाटल्यांची एक्सपायरी उलटली की त्या टाकून देता येतात. किस्से कुठे टाकणार?

माझा दवाखाना भिंगारला, बाजारपेठेत. आठवडी बाजाराच्या दिवशी पेशंट तपासायला तिसगावला जातो आणि अधूनमधून दुपारी नगरच्या एका कॉलेजात आयुर्वेदाच्या मुलांना शिकवतो. पदवी आयुर्वेदाची, उमेदवारी मात्र ॲलोपॅथीच्या मोठ्या हॉस्पिटलात. त्यामुळे माझ्या टेबलावर गोळी आणि काढा शेजारीशेजारी नांदतात.

* * *

तिसगावचे भाऊराव गुडघ्यासाठी आले होते. मी गोळी दिली, काढाही दिला. त्यांनी दोन्ही हातात धरून बराच वेळ पाहिलं.

"डॉक्टर, ही दोघं पोटात जाऊन भांडत न्हाईत का?"

मला हसू आलं.

"हसू नका. माझी दोन पोरं एका घरात हायेत, म्हनून इचारतो!"

हसता हसता मी सहज विचारलं, आणखी काय चालू आहे? तेव्हा कळलं की नगरच्या हार्टच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिलेली आहे. हे त्यांनी तोवर सांगितलंच नव्हतं! मी गोळी आणि काढा, दोन्ही परत घेतलं, त्या डॉक्टरांना फोन केला आणि मगच नवं औषध लिहिलं.

दरवर्षी माझं पहिलं लेक्चर याच प्रश्नावर असतं. एका मुलाने पेपरात लिहिलं, "रुग्णाच्या पोटातील भांडणे टाळावीत." पूर्ण मार्क दिले!

* * *

भिंगारमध्ये कापडाचं दुकान असलेले एक चाचा आहेत. ते एकदा घामाघूम होऊन आले. "डॉक्टरसाब, गॅस झालाय. तुमचं ते चूर्ण द्या. कडू असलं तरी चालेल."

मी आधी ईसीजी काढला. तो पाहिला आणि अँब्युलन्स बोलावली. चाचा भडकले. "अहो, आयुर्वेदाचे डॉक्टर ना तुम्ही? आपल्याच औषधावर विश्वास नाही?"

"आहे. म्हणूनच आज ते देत नाही."

स्ट्रेचरवरूनही ओरडत होते, "निदान पुडी तरी बांधून द्या!"

स्टेंट बसवून परत आले, तेव्हा मिठाई घेऊन आले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "काय मोठा गॅस होता, डॉक्टरसाब!"

* * *

नाडीपरीक्षा शिकवताना मुलांना फार घाई असते. बोटं टेकली की लगेच वात, पित्त, कफ! पल्लवी नावाची एक विद्यार्थिनी मात्र एका आजींचा हात धरून बसली ती बसलीच. बाकीची पोरं चुळबुळ करायला लागली.

शेवटी मी विचारलं, "काय सापडलं?"

"सर, खरं सांगू? काहीच कळलं नाही." मग म्हणाली, "पण आजी हात सोडवून घेत नाहीयेत."

त्या दिवशी पुढचं शिकवलं नाही. शिकवायचं ते झालं होतं.

* * *

माझा एक विद्यार्थी सोनईला प्रॅक्टिस करतो. नवीन होता तेव्हा त्याचा फोन आला.

"सर, साधी सर्दी आहे. पेशंट म्हणतोय, सुई द्या, नाहीतर दुसरीकडे जातो."

"मग?"

"मी म्हटलं, सुईची गरज नाही."

"मग?"

"गेला तो." आवाज पडलेला होता. "सर, असे सगळेच गेले तर?"

"तू बरोबर केलंस," एवढंच म्हणालो.

काही आठवड्यांनी पुन्हा फोन. "सर, तो परत आला! बायकोला घेऊन आलाय. गर्भाशय काढायला सांगितलंय म्हणे कुणीतरी."

"मग तुझ्याकडे कसा आला?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, तुमाला न्हाई म्हनता येतं, म्हनून हिला तुमच्याकडं आनली."

* * *

तिसगावच्या सुंदराबाई. एकट्या राहतात. दर बाजारी यायच्या आणि दर बाजारी वेगळं दुखायचं. कधी कंबर, कधी डोकं, कधी नुसतंच 'लई जड वाटतंय'. सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या नॉर्मल आल्या. गोळी देऊन पाहिली, काढा देऊन पाहिला, तेल दिलं. मग एक दिवस मी औषध लिहिणं थांबवलं आणि नुसतं ऐकायला लागलो. त्या बोलायच्या, उठायच्या, "बरं वाटलं" म्हणून पिशवी उचलून बाजाराला जायच्या.

मागच्या वर्षी माझी बायको गेली. काही दिवस दवाखाना बंद होता. मग एका बाजाराच्या दिवशी तिसगावला गेलो, कारण घरात बसवत नव्हतं. बाहेर बाकावर गर्दी होती. पहिला नंबर सुंदराबाईंचा.

मी नेहमीसारखं विचारलं, "बोला, काय दुखतंय आज?"

त्या बसल्या नाहीत. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"आज मला काय न्हाई दुखत," त्या म्हणाल्या.

मग वळल्या, दारापर्यंत गेल्या आणि बाहेरच्या सगळ्यांना म्हणाल्या,

"थांबा रं जरा! आत पेशंट हाय."

आणि दार लोटून घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.